नव्वदला येणारी थरथर

मिस्त्रींच्या हातांची ख्याती अशी होती, की गिऱ्हाईक तक्रार सांगायला तोंड उघडतंय तोवर त्यांचा तळवा बॉनेटवर गेलेला असायचा. "थांबा, आधी गाडीचं ऐकू द्या," म्हणायचे. गिऱ्हाइकांना हसू यायचं, पण पस्तीस वर्षांत निदान क्वचितच चुकलं होतं. आता गॅरेजात त्यांची मुलगीही होती. तिशी ओलांडलेली, गिअरबॉक्स एकटीने उतरवणारी. तरी वडील तिला अजून चिमीच म्हणत.

शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई गाडी घेऊन आल्या. बोलणंही गणितासारखंच नेमकं. "ऐंशीपर्यंत काही नाही. नव्वदला स्टिअरिंग थरथरायला लागतं. एकशेदहाला पुन्हा शांत. दर रविवारी मला दोन तास हायवेने जावं लागतं. आई वृद्धाश्रमात आहे."

मिस्त्री गाडी हायवेवर घेऊन गेले. नव्वद झाले, शंभर झाले. काही जाणवलं नाही. परत येऊन चाकं बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली, काटा जागचा हलला नाही. टायरांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ठणठणीत आहे."

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा दारात. "अजून थरथरतेय."

"मी बघू का, बाबा?" चिमीने विचारलं.

"मी बघितलंय ना?" मिस्त्री फटकन म्हणाले. मग बाईंकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "मनात एकदा भीती बसली ना बाई, की माणसाला बसल्या जागची खुर्चीसुद्धा हलल्यासारखी वाटते."

बाईंचा चेहरा उतरला. किल्ली उचलून त्या निघून गेल्या.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, त्यांनी किल्ली आणून टेबलावर ठेवली. "सावकाश बघा. आता घाई नाही," एवढंच म्हणाल्या आणि बसस्टॉपकडे चालत गेल्या.

त्या पाठमोऱ्या झाल्या आणि चिमी म्हणाली, "या वेळी मी शेजारी बसणार." मिस्त्रींनी वाद घातला नाही.

हायवेला लागल्यावर काटा नव्वदला टेकला मात्र, ती ओरडली, "लागली की, बाबा!"

"काय लागली?"

"काय म्हणजे? माझे दात वाजायचे बाकी आहेत!"

चेष्टा करतेय, असं वाटून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मग त्यांनी खाली, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. स्टिअरिंग बारीक थरथरत होतं आणि त्याबरोबर बोटांची पेरंही थरथरत होती. डोळ्यांना दिसत होतं, हातांना कळत नव्हतं.

परतताना गाडी चिमीने चालवली.

गॅरेजात चिमीने पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. टायरवरून तळवा फिरवता फिरवता आतल्या कडेला थांबली. "इथे बघा." मिस्त्रींनी बोटं ठेवली. त्यांना सपाट लागलं. तिने त्यांची बोटं धरून तिथेच दोनदा मागेपुढे फिरवली. तरी सपाटच. आत टायरच्या तारा तुटून रबराला फुगवटा आला होता. वजन बरोबर, म्हणून मशीनला सापडला नव्हता. हाताला सापडायला हवा होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"थंडीपासून. वाटलं, गारठ्याने होत असेल."

"आणि परवा सायलेन्सरचा चटका बसला तो?"

"कळलाच नाही. वास आल्यावर हात काढला."

साखर वाढली तर हातपाय बधिर होतील, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं. पण मिस्त्रींच्या मनात आत्ता साखर नव्हती. हा टायर नव्वदला कुठेही फुटला असता, आणि आपण त्या बाईंना दोनदा त्यावर बसवून पाठवलं, एवढंच त्यांना दिसत होतं.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा नवा टायर बसला होता. चिमी बोलायला लागली तशी मिस्त्रींनी तिला थांबवलं. "मी सांगतो." आणि काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. "तुमच्या मनाचा खेळ नव्हता, बाई. गाडी खरंच थरथरत होती. माझ्या हातांना कळलं नाही, आणि मी खापर तुमच्यावर फोडलं."

बाई स्टुलावर बसल्या. "मी दोन रविवार गेलेच नाही," त्या म्हणाल्या. "गाडी काढायची, गल्लीच्या तोंडाशी जायचं आणि मागे फिरायचं. स्वतःवरच चिडायचे. फोनवर आईला म्हणायचे, पुढच्या रविवारी नक्की. दुसऱ्या रविवारनंतर, सोमवारी पहाटे ती गेली."

चिमी हातातलं फडकं पिळत उभी राहिली.

"माझं चुकलं," मिस्त्री म्हणाले.

"गाडी खराब आहे असं तेव्हा म्हणाला असतात, तर मी बसने गेले असते." बाईंच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "चांगली गाडी दारात असताना बसने कशाला, उद्या जाईल भीती, असं वाटत राहिलं."

आईचं सामान आणायला बाईंना येत्या रविवारी जायचं होतं. मिस्त्रींनी भीत भीत विचारलं, "आम्ही दोघं आलो तर चालेल?" बाईंनी मान हलवून होकार दिला.

मधल्या दिवसांत चिमी वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. गेलेली संवेदना परत येईल असं सांगता येत नाही, उरलेली जपा, असं डॉक्टर म्हणाले. रस्त्यावर गाडी तपासायचं काम त्याच दिवशी चिमीकडे गेलं.

रविवारी बाईंनीच गाडी चालवली. चिमी शेजारी, मिस्त्री मागे. खोलीत सामान फारसं नव्हतं: दोन शाली, चष्मा, एक रेडिओ, औषधांचा डबा. सगळं एका खोक्यात मावलं. मिस्त्रींनी ते उचललं आणि जिना उतरताना पायऱ्यांपेक्षा हातांकडेच जास्त पाहत राहिले. पकड सुटली तर हात सांगणार नव्हते.

येताना रस्ता मोकळा होता. तरीही बाईंनी गाडी सत्तरच्या वर नेली नाही.