वारुळाभोवतीचं गवत

पावसानं ओढ दिली होती. घाटाखालच्या गजेंद्रच्या मुरमाड, न पेरलेल्या पडकात गवत पार वाळून गेलं होतं. हिरवं उरलं होतं ते फक्त मुंग्यांच्या वारुळांभोवती. मुंग्यांनी बाहेर टाकलेला भुसा कुजून तिथली माती काळी, भुसभुशीत झाली होती. तिच्यात ओल टिकायची.

शेजारची सरवरी तिथं शेळ्या चारायची. गजेंद्रनं तिला कधी अडवलं नव्हतं.

त्या दुपारी ती भाकरीचं फडकं सोडून बसली, आणि समोरच्या गाभण शेळीचे मागचे पाय लुळे पडले. तोंडाला फेस आला. सरवरी उठून पोचेपर्यंत दुसरी आडवी झाली, मग तिसरी. गाभण शेळीचं डोकं मांडीवर घेऊन तिनं गजेंद्रला हाक मारली.

शेजारच्या तिळाच्या वावरातून गजेंद्र पळत आला.

"काय झालं, भाभी?"

"काय मालूम. आत्ता तं चरून राह्यल्या होत्या."

गजेंद्रनं वारुळाकडं पाहिलं.

"काल मुंग्या मारायची पावडर टाकली मी. पेरलेला तीळ मुंग्या वाहून नेऊन राह्यल्या होत्या. सगळ्या वारुळांवर टाकली."

"मले सांगितलं काऊन नाही?"

"शेळ्या तिथंच तोंड घालतीन, हे ध्यानातच नाही आलं."

त्यानं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला, उरलेल्या शेळ्या हाकलून दूर नेल्या. इंजेक्शनांनी दोघी वाचल्या. गाभण शेळी गेली. तिच्या पोटातली हालचाल थांबली तेव्हा सरवरीचा हात तिथंच होता.

खड्डा गजेंद्रनं खणला. विषारी माती खरवडून तीही खोल पुरली आणि वारुळांवर बाभळीचे काटे टाकले. पुढच्या बाजाराला नांदुऱ्याहून एक पाठ, अजून न व्यालेली तरणी शेळी, आणून त्यानं सरवरीच्या दारात बांधली. तिनं तिला पाणी ठेवलं आणि आत निघून गेली.

पुढच्या पावसाळ्यात पडकात मुंग्या नव्हत्या. वारुळांच्या जागी मातीला कडक पापडी धरली होती. पाणी आत मुरेना, वरच्यावर वाहून जाई. एकाही जागी गवताचं हिरवं कडं उगवलं नाही. गजेंद्र टाचेनं ती जमीन दाबून बघायचा.

बांधापलीकडं मात्र एक वारूळ शाबूत सापडलं. त्यानं सरवरीला हाक मारली.

"भाभी, इथं काहीच टाकलं नव्हतं. चारा शेळ्या."

सरवरीनं मूठभर गवत उपटलं, नाकाशी नेलं.

"हाव, असंन," ती म्हणाली, आणि शेळ्या सडकेकडं वळवल्या.