पिवळ्या धाग्याची लोटी

“फुंका मावशी, फुंका! थांबायचं नाय, अजून, अजून, अजून!”

तपासणीवाली पोरगी शर्यत लागल्यासारखी ओरडत होती. द्रौपदीने नळीत होता नव्हता तेवढा जीव ओतला. पडद्यावरची रेघ जराशी चढली आणि मध्येच दमून खाली बसली. बाहेर नातू सोहम रडत होता. त्याला थोपटत सून शलाका येरझाऱ्या घालत होती, ते तिच्या चपलांवरून कळत होतं. द्रौपदीला वाटलं, ही नळी इथंच टाकावी आणि कॅम्प चारच्या वस्तीत घरी पळावं. पण पळायला श्वास कुठून आणायचा?

डॉक्टर मॅडमनी तिघांनाही आत बोलावलं. एक्स-रे उजेडावर धरला.

“थुंकीत काही नाही, ते चांगलं झालं. पण वर हा डाग आहे. मावशी, पूर्वी कधी टीबी झाला होता?”

“नाय हो.” द्रौपदीचं उत्तर तयारच होतं. गेली दोन वर्षं प्रत्येक दवाखान्यात ती तेच देत आली होती. कुणी तिला दमा म्हणून पाठवलं, कुणी जीन्सच्या धुळीवर बोट ठेवलं. कारखान्यातून येणाऱ्या जीन्सचे सुटे धागे घरी बसून कापायचे, हा तिचा जन्माचा धंदा.

“बिडी, मिश्री?”

“अहो, शिवत पण नाहीत त्या,” शलाका म्हणाली. “सोवळ्या आहेत आमच्या आई. पाणीसुद्धा आपल्याच लोटीतून पितात.”

“मग हा डाग नवा धरावा लागेल. आणखी तपासण्या करू. तोवर बाळाला यांच्याजवळ देऊ नका.”

शलाकाचा हात आपसूक सोहमच्या पाठीवर घट्ट झाला. द्रौपदीने ते पाहिलं.

याचीच तर भीती होती! माहेरी बेलवलीला, लग्नाआधी, तिला तो आजार झाला होता. आईने तिला गोठ्याशेजारी निजवलं, लोटी वेगळी केली, लोटीच्या गळ्याला चिंधी बांधली. औषधं पुरी झाली, अंग भरलं, स्थळ आलं. “सासरी हे नाव काढशील तर उभी दारात परत येशील,” आई म्हणाली होती. द्रौपदीने नाव काढलं नाही, पण लोटी सोडली नाही. चिंधीच्या जागी जीन्सचा पिवळा धागा आला. विरला की ती नवा बांधायची. नवरा हसायचा, “राणीसरकारांची लोटी!” तो वारला, पण शेवटपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं. पोटच्या सनीला तिने कधी ओठ लावले नाहीत. सोहमच्या पायांना तेल चोळायची, तोंड मात्र वळवून. आणि आता नाव घेतलं, तर शलाका पोर उचलून अंबरनाथला माहेरी जाणार. नाही घेतलं, तरी पोर दुरावणारच!

“झाला होता,” ती म्हणाली. “पोरपणी. औषध पुरं केलं होतं मी. देवाशप्पथ, पुरं केलं होतं.”

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहिला. आवाज मऊ झाला. “अहो, हेच हवं होतं मला. हा त्या वेळचा वण दिसतोय. आधीच्या दवाखान्यातला एखादा जुना एक्स-रे आणा, ताडून पाहू. टीबी बरा होतो, पण फुप्फुसावर वण ठेवून जातो. नळ्या अरुंद होतात, मग बिडी न ओढताही असा दम लागतो. दम्याच्या औषधाने म्हणून तर भागत नव्हतं. पंप बदलते. गेलेला श्वास परत नाही येणार, आहे तो सांभाळू. जीन्सची धूळ मात्र बंद.”

“आणि बाळ?” शलाकाने विचारलं.

“बरा झालेला टीबी लागत नाही. घ्या की मांडीवर.”

रिक्षात शलाकाने तोंड रस्त्याकडे केलं. द्रौपदी पदराचं टोक पिळत राहिली. घरी दाराशी नव्या जीन्सचा गठ्ठा येऊन पडला होता. शलाकाने सोहमला चटईवर ठेवलं, धागे कापायची कात्री उचलली आणि थेट पाण्याच्या माठाकडे गेली.

“शलाका, काय करते?”

“सहा महिने मला वाटत होतं, तुम्हाला माझं पोर नकोसंय,” ती पाठमोरीच म्हणाली. आवाज फाटला होता. “एकदा पापा नाय घेतला त्याचा. मी सनीशी भांडली यावरून. बोलायचं ना, आई!”

कच्च. धागा तुटून मोरीत पडला. लोटी दुसऱ्या लोटीशेजारी पालथी पडली.

द्रौपदी माठापाशी गेली. दोन्ही लोट्या सारख्याच. तिने एक उचलली, भरली आणि उष्टी होऊ नये म्हणून तोंडापासून उंच धरली. धार पडली, पण श्वास रोखून धरता येईना. ठसका लागला, छातीवर पाणी सांडलं. सोहम त्या आवाजाला खिदळला.

जरा दम खाऊन तिने लोटी खाली आणली आणि हळूच काठाला ओठ लावले.

शलाकाने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि दाराशी पडलेला गठ्ठा पायाने बाहेर सरकवला.