शिळा ऊस

गोरक्षनाथ पाथर्डीकडचा, ऊसतोड्याचा पोर. मुंबईला केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. एकाहत्तर सालच्या गळिताला तो सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला आला, तो नेमका त्याच कारखान्यात जिथं त्याचे आई-बाप बैलगाडीनं ऊस आणून टाकत. इथलं सर्टिफिकेट मिळालं नाही तर वर्ष बुडणार, वर्ष बुडालं की स्कॉलरशिप जाणार. मग हातात कोयता ठरलेलाच.

साखरेचा उतारा का घसरला ते शोधायचं काम त्याला दिलं. पोरगं हुशार. पंधरा दिवस रसाचे नमुने तपासून त्यानं अहवाल लिहिला: तोडलेला ऊस दिवसापेक्षा जास्त पडून राहिला की त्यातली साखर मोडते. दुसऱ्या पानावर कारणही लिहिलं. संचालकांचे ट्रॅक्टर रांग मोडून पुढं घुसतात आणि बैलगाड्या ऊस टाकायच्या गव्हाणीबाहेर दोन-दोन दिवस ताटकळतात. हे कळायला प्रयोगशाळा कशाला हवी? हातच्या कांकणाला आरसा कशाला! त्याचं निम्मं बालपण त्याच रांगेत, गाडीखाली गेलं होतं.

चीफ केमिस्टनं पहिलं पान वाचून त्याची पाठ थोपटली. दुसरं पान बोटानं बाजूला सारलं.

“हे केमिस्ट्रीत येतं का?”

“नाही येत, सर,” गोरक्षनाथ म्हणाला आणि पान त्यानं आपल्याच हातानं फाडलं. फाड असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं, हे सांगितलेलं बरं. सर्टिफिकेट त्याच दिवशी मिळालं, वर ‘उत्कृष्ट’ असा शेरा.

आठवड्याभरात गव्हाणीवर नोटीस लागली: चोवीस तासांपूर्वी तोडलेला ऊस घेतला जाणार नाही. ट्रॅक्टर आपले पहिल्यासारखेच पुढं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मुंबईला निघायच्या दिवशी दुपारी तो निरोप घ्यायला आई-बापाच्या पाचटाच्या झोपडीवर, कोपीवर गेला. दारात भरलेली गाडी उभी. बाप, पुंजाराम, चाकाला टेकून बसला होता. आई, कडूबाई, गाडीवर चढून एकेक मोळी खाली फेकत होती.

“दोन दिस रांगंत हुतो,” बाप म्हणाला. “नंबर आला तर म्हनत्यात, शिळा हाय, माघारी न्या. गोरख, तू आत असतूस. कुनाच्या डोक्यातनं निघालं रं हे?”

“मला न्हाई ठाव, दादा.”

“आसंल कुनी शिकल्याला सायेब,” आई वरूनच म्हणाली. “त्याला कशाला बोल लावता? त्या बिचाऱ्यानं कुठं रांग बघितलीया? बघितली आसती तर आसं केलं नसतं त्यानं.”

गोरक्षनाथला लाज वाटली. पण तोंड उघडावं इतकी नाही वाटली.