अर्ध्याचं अर्धं

रीनाने किरणं मोजायचं मीटर रिकाम्या खुर्चीवर धरलं आणि ते कडकडू लागलं.

मग तिने ते शेजारी नेलं, सुई टोचून घेतल्यावर अनंतराव दीड तास बसले होते त्या खुर्चीवर. गप्प. पुन्हा रिकाम्या खुर्चीवर आणलं. पत्र्यावर ज्वारी सांडावी तसा आवाज.

"दीदी, ये देखो. अंकल तो इधर बैठे थे."

"उठले असतील मधे."

"नहीं ना. मैं कैमरे में देख रही थी. हिले तक नहीं. बस, उस तरफ मुँह करके कुछ बोल रहे थे."

स्वरदाने जाड दाराकडे पाहिलं. पलीकडे यंत्रात तिचे बाबा, अनंतराव, निजले होते आणि त्यांच्या नसांतून तिनेच सकाळी बनवलेलं किरणोत्सर्गी औषध फिरत होतं. विसरण्याचा आजार मेंदूत जिथे घर करतो तिथे जाऊन चिकटणारं, तिथून चमकणारं. तीन वर्षं ती त्यावर राबली होती. आई गेल्यापासून तर जास्तच. तेलीबांध्याच्या घरात बाबा अजून चहाचे दोन कप मांडत, ताटातलं अर्धं बाजूला काढत. लोक म्हणाले, दुःख आहे, निवेल. वर्ष उलटलं, कप दोनच राहिले, आणि स्वरदाला भीती वाटू लागली. आज कळणार होतं.

चित्र पडद्यावर उमटलं. कानशिलाच्या आत तिने शोधलं, मागे शोधलं. कुठे ठिणगी नाही. अवसेच्या आभाळासारखा स्वच्छ अंधार.

सुटकेचा श्वास यायला हवा होता. तिला ती कडकडणारी रिकामी खुर्ची आठवली.

अनंतराव बाहीचं बटण लावत बाहेर आले.

"झालं का वं तुझं?"

"झालं, बाबा. काहीच नाही तुम्हाले. एकदम साफ."

"मंग? मी काय सांगून राहिलो होतो?" ते हसले. "पण थंडी लय ठेवता तुम्ही आतमधी. तुझी आई कुडकुडून राहिली होती."

स्वरदाने रीनाकडे पाहिलं नाही.

"बाबा, सुई टोचल्यावर तुम्ही काय केलं?"

"काय करतो? अर्धं तिले देल्लं." त्यांनी बटण पुन्हा तपासलं. "चाळीस वर्षांची सवय आहे, पोट्टी. एकट्यानं काही गोड लागत नाही."

ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, थोडी जागा सोडून.

रीना ओलं फडकं, पिशवी आणि नोंदींची वही घेऊन आली.

"कुर्सी पोंछ दूँ, दीदी? नियम तो यही है."

"राहू दे. दोन तासांत ते आपोआप अर्धं होते. मग अर्ध्याचं अर्धं."

"और लिखूँ क्या?"

स्वरदाने वही तिच्या हातातून घेतली, मिटली, आणि एकटीच खुर्च्यांच्या खोलीत गेली. बाबांच्या खुर्चीवर बसली. मीटर मांडीवर ठेवून त्याचं तोंड शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळवलं, तसं ते कडकडू लागलं. खोली खरंच गार होती. इतके दिवस तिला ते जाणवलं नव्हतं.

बराच वेळ ती ऐकत राहिली. मग उठून अंगातला पांढरा कोट काढला आणि शेजारच्या खुर्चीवर पांघरला, दोन्ही बाजूंनी सारखा केला, खांद्यांवरून करतात तसा.

मीटर क्षणभर थांबलं.

मग पुन्हा बोलू लागलं, जरा सावकाश.