एकशिंग्याचं शिंग

तिला सगळे रंधा म्हणत. एक तर ती सुतारकाम करायची, आणि दुसरं म्हणजे समोरचा खडबडीत बोलला तर दोन वाक्यांत त्याचं बोलणं तासून त्याच्याच हातात परत द्यायची. बायकोला असं नाव पडलं म्हणून नवऱ्याला वाईट वाटायला हवं होतं. पण तो रंगारी, शांत गडी. म्हणायचा, "ती रंधा, तर मी भुसा. घर चाललंय ना?"

सार्वजनिक बागेतलं मेरी-गो-राउंड दुरुस्तीला निघालं, तेव्हा त्यावरची बारा लाकडी जनावरं हातगाड्यांवरून तिच्या कारखान्यात येऊन उभी राहिली. त्यात साधा घोडा एकही नव्हता. एक होता, तोही पाण्यातला. बाकी गरुडाच्या डोक्याचा सिंह, नऊ शेपट्यांची कोल्ही, अंगभर पिसं असलेला साप, दोन डोक्यांचा पक्षी, मगरतोंड्या मकर, अशी सगळी वरात. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या सासऱ्यांनी ती कोरली होती. दूरदेशीचं कुणीही भेटलं, खलाशी असो की कापडविक्या, की ते एकच विचारत, "तुमच्याकडं कुणी न पाहिलेलं जनावर कुठलं?" मग ऐकलेलं लाकडात उतरवत.

आता ते शहाऐंशीचे होते. हात थरथरायचे, कान अर्धे गेलेले. कारखान्याच्या मागच्या खोलीत खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. बागेत मात्र ते कधीच फिरकत नसत. गुडघ्यांमुळे, असं घरातले समजत होते.

तिसऱ्या दिवशी बागेचे नवे साहेब स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. भुशात बूट भरू नयेत म्हणून ते उंबऱ्यातच थांबले.

"हे बघा बाई, तक्रारी आल्यात. मुलं घाबरतात. दुरुस्ती करताय तर एवढं कराच. चोची बोथट करा, सापाचा जबडा बंद करा, आणि या घोड्याला जरा हसरं तोंड द्या."

"हसवू कसं साहेब? त्याची गोष्टच अशी आहे, की जो पाठीवर बसेल त्याला तो तळाशी घेऊन जातो."

"म्हणूनच म्हणतोय!"

"मग गोष्ट कुठली राहिली?"

साहेबांनी फाईल मिटली. "आदेश लेखी आहे. तुम्हाला जमत नसेल तर दुसरा सुतार बघू."

"बघा. पण एक सांगते. आमच्या मामंजींनी ही जनावरं केली तेव्हा कुणापुढं मान तुकवली नव्हती. मी त्यांची सून आहे."

साहेब गेले. नवरा रंगाचा डबा ढवळता ढवळता म्हणाला, "जरा जास्तच झालं का गं?"

"अहो, कमीच झालं."

दुसऱ्या दिवशी तिनं जुना रंग खरवडायला घेतला. पहिलं जनावर हातात आलं ते बोकडाएवढं, अंगावर खवले, पाय हरणाचे. त्याच्या कपाळावर रंगाच्या पाच थरांखाली पटाशी अचानक मऊ जागी रुतली. लाकूड नव्हतं ते; रंगारी भेगा बुजवायला वापरतात ती लांबी होती. तिनं ती उकरली. आत स्वच्छ गोल भोक निघालं, अंगठा जाईल एवढं. इथं काहीतरी बसवलेलं होतं आणि कुणीतरी ते बुडापासून काढून टाकलं होतं.

ती सिंहाकडं गेली. पंजांच्या टोकांना लांबी. साप: वरच्या जबड्यात सहा भोकं, सहाही बुजवलेली. संध्याकाळपर्यंत बाराही जनावरं तपासून झाली. सगळ्यांचंच काही ना काही गेलं होतं.

ती मागच्या खोलीत जाऊन सासऱ्यांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मामंजी, दात कुठं गेले यांचे?"

म्हातारा म्हणाला, "कापले."

"कुणी?"

"मीच. दुसऱ्या कुणाची टाप होती हात लावायची?"

बारा वर्षं ज्या माणसाच्या नावावर ती गावाशी भांडत आली होती, तो माणूस समोर बसून आपल्या गुडघ्यावरचं पांघरूण चाचपत होता.

"तेव्हाही एक साहेबच होता," म्हातारा सांगू लागला. "म्हणाला, एवढं शिंग तेवढं काढा. मला वाटलं, शिंग जातंय, जनावर तर राहतंय. पुढच्या वर्षी दात. मग नखं. दरवेळी थोडंच असायचं सूनबाई. थोडं थोडं करत अख्खं तोंड गेलं. मग लोक म्हणायला लागले, 'अय्या, किती गोंडस!' तो शब्द मला चावायचा. म्हणून जात नाही मी तिकडं."

"आणि कापलेलं काय केलंत?"

"लाकूड चिकटवायचा सरस उकळताना घातलं चुलीत. चांगलं जळलं. कठीण लाकूड होतं."

तिला राग आला. इतका, की तिथून उठून ती अंगणात गेली आणि उगाच एक फळी सरळ करत बसली, जी आधीच सरळ होती. इतकी वर्षं या माणसानं सगळ्यांना शूर कारागिराची गोष्ट ऐकवू दिली होती. पण फळी तासता तासता दुसराच विचार तिच्या डोक्यात घुसला. शेवटी ज्यानं कापलं त्यालाच तर ठाऊक होतं, काय होतं ते.

ती परत आत गेली. "मामंजी, शिंग केवढं होतं?"

म्हाताऱ्यानं थरथरता हात वर केला आणि हवेत एक बाक काढला. "एवढं. पुढं झुकलेलं. टोक बोथट नाही. अजिबात नाही!"

पुढचे अठरा दिवस कारखान्यात दुसरं काम झालं नाही. म्हाताऱ्याची खुर्ची मागच्या खोलीतून तिच्या कामाच्या बाकाजवळ आली. तो हवेत आकार काढायचा, ती लाकडात काढायची. चुकलं की तो खुर्चीचा हात बडवायचा. "कोल्हीचा दात आहे तो, म्हशीचा नाही!" लाकूड तिनं जुन्या तुळईचं घेतलं, गाभ्याचं, ज्यात खिळा वाकतो पण शिरत नाही. नवऱ्यानं रंगाला हात लावण्याआधी एकदाच विचारलं, "परिणाम माहिती आहेत ना?"

"आहेत. तुम्ही लाल जरा गडद घ्या."

जनावरं बागेत परत चढवली त्या सकाळी ही गर्दी! साहेब आले, पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

"मी बोथट करायला सांगितलं होतं!"

"तुम्ही दुरुस्ती सांगितली होती. जे मोडलं होतं ते जोडलंय. आधी शिंग होतं, आता आहे."

"हे काय जनावर आहे तरी?"

"दूरच्या एका मुलखात हे न्यायाधीशाजवळ उभं असायचं म्हणतात. दोघं भांडत आले, की जो खोटं बोलतोय त्याला ढुशी द्यायचं. शिंग काढलं तर नुसता बोकड."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी माळ्याला हाक मारली, "करवत आण. ते शिंग काप."

माळी म्हणाला, "साहेब, मी झाडं कापतो. हे झाड नाही."

साहेब दुसऱ्या सुताराकडं वळले. त्याला त्यांनी खात्रीसाठी सोबतच आणलं होतं. त्यानं मान खाली घातली. "पटाशीला धार कशी लावायची, ते हिनंच शिकवलंय मला. नाही जमायचं."

रंधानं आपल्या पिशवीतली करवत काढली आणि दांडा पुढं करून साहेबांसमोर धरली. "घ्या. आदेश तुमचा आहे, हातही तुमचाच लागू दे. गेल्या वेळी आमच्या माणसाचा लागला होता."

साहेबांना मागं सरता येईना. त्यांनी करवत घेतली, शिंगाच्या बुडाशी टेकवली आणि ओढली. लाकूड किंचाळलं. पाच-सहा ओढींत पातं बोटभरही न जाता अडकलं. ढकलेना, निघेना. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला.

"करवत अशी दाबायची नसते साहेब," ती म्हणाली. "पण मी दाखवणार नाही."

साहेबांनी हात सोडला. करवत शिंगातच लटकत राहिली. "हे समितीपुढं जाईल," एवढं म्हणून ते गर्दीतून वाट काढत निघून गेले.

गेलंही. सत्तावीस दिवस चक्राभोवती दोरी बांधलेली होती आणि 'बंद' अशी पाटी होती. रंधा रोज सकाळी जाऊन दोरीच्या अलीकडं उभी राहायची, आणि कुणी विचारलं की प्रत्येक जनावराची गोष्ट सांगायची, दातांसकट. विचारणारे वाढत गेले. शेवटी समितीचे पाच जण पाहणीला आले. त्यांतल्या एक बाई सापाच्या उघड्या जबड्यात हात घालून म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा हा असाच होता. नंतर गुळगुळीत झाला, मग मी यायचं सोडलं." दोरी निघाली, शिंगातली करवतही निघाली. साहेबांनी सहीच्या खाली 'हरकत नोंदवून' असं लिहिलं, ते समितीनं राहू दिलं.

पहिल्या फेरीला मुलं किंचाळली, उतरली आणि धावत पुन्हा रांगेत उभी राहिली. म्हाताऱ्याला त्या दिवशी खुर्चीसकट बागेत आणलं होतं. त्यानं एकशिंग्याला खालून वर न्याहाळलं.

"डावीकडं जरा झुकलंय गं शिंग."

"मग चाळीस वर्षांपूर्वी सरळ ठेवायचं होतंत," ती म्हणाली.

म्हातारा इतका हसला, की त्याला ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्यानं तिचा हात ओढून तिला खाली वाकवलं.

"एक जनावर राहून गेलंय सूनबाई. एका खलाशानं सांगितलं होतं. तेव्हा करायची छाती झाली नाही."

"दात आहेत का त्याला?"

"दोन ओळी."

"उद्या लाकूड बघते," ती म्हणाली.