लंगड्या घोडीचे तीन थांबे

गाण्यांच्या कंपनीतला उलान राजधानीहून, बिश्केकहून, आला तो गुरुवार होता. गुरुवारी माझा उपास असतो, म्हणून चहा त्याच्यापुढे ठेवला आणि मी नुसती किटलीजवळ बसले.

"एजे, दोन लाख वेळा ऐकली ती धून लोकांनी!" थोरल्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात; त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "अख्ख्या नारिन शहरात तेवढी माणसं तरी आहेत का?"

"मेंढ्या धरल्या तर असतील," मी म्हटलं.

तो हसला. मला हसू येईना, कारण ती धून मी चोरून दिली होती.

आमचं काम एवढंसं. घरामागच्या खोलीला चारही बाजूंनी लोकरीचे बुरणूस ठोकलेत, मध्ये एक माइक. भाऊ गेल्यापासून सतरा वर्षं मीच चालवते. कोमुझ, आमचं तीन तारांचं वाद्य, वाजवणाऱ्यांना बोलवायचं, त्यांच्या धुना रेकॉर्ड करायच्या, सीड्या काढून बाजारातल्या दुकानात ठेवायच्या. गेल्या वर्षी त्या दुकानात मोबाइलची कव्हरं आली. नव्या गाड्यांत सीडी घालायला फटच नसते. जुमाकादिर अक्साकालांच्या चाळीस धुना माझ्याकडे पडून होत्या. अक्साकाल म्हणजे मानाचा म्हातारा; त्यांचं वय एकोणऐंशी, आणि त्यांच्या खोऱ्यातल्या या धुना वाजवणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. म्हणून उलानच्या कंपनीने "एक नमुना पाठवा, फक्त आधीची बडबड काढा" असं कळवलं, तेव्हा मी ती काढून एक धून सही करून पाठवली. अक्साकालांना विचारलं नाही.

बडबड म्हणजे गोष्ट. वाजवणारा आधी धुनेची गोष्ट सांगतो, मग तिन्ही तारा त्या धुनेपुरत्या लावतो, मग वाजवतो. माझ्या आजोबांच्या आजोबांनीही असंच ऐकलं असेल.

"आता उरलेल्या एकोणचाळीस." उलानने कागद पुढे सरकवला. "गोष्ट नको, तारा पिळणं नको. लोकांना झोपताना लावायला हवंय, एजे. झोपणाऱ्याला गोष्ट कशाला?"

"झोपणाऱ्यालाच तर सांगतात, बाळ."

"सही केली नाहीत तर पुढच्या वर्षी या खोलीत कोंबड्या ठेवाल. रागावू नका, खरं तेच सांगतोय."

खरं होतंच. मी पेन उचललंही होतं. तेवढ्यात दाराशी काठी वाजली. बाजारातून परतताना अक्साकाल दर गुरुवारी येतात.

रोज पहाटेच्या नमाजनंतर मी एकच मागते: आज माझ्या तोंडून खोटं निघू देऊ नकोस. महिनाभर ते मी पाळलं होतं, पण गप्प राहून. गप्प राहणं म्हणजे खोटं नव्हे, अशी मनाची समजूत घातली होती. अक्साकाल जाजमावर टेकले आणि माझ्या हातातल्या पेनकडे पाहिलं, तेव्हा ती समजूत टिकली नाही.

"अक्साकाल, तुमची लंगड्या घोडीची धून मी न विचारता यांना दिली. गोष्ट कापून दिली."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग उलानला म्हणाले, "ऐकव."

उलानने आनंदाने लावली. अक्साकालांची बोटं गुडघ्यावर वाजू लागली. एका जागी बोटं थांबली, धून मात्र पुढे गेली. त्यांनी डोळे उघडले. पुन्हा तसंच झालं. आणि पुन्हा.

"ही घोडी थांबत कशी नाही?"

"तिथे काही वाजतच नव्हतं, अक्साकाल," उलानने समजावलं. "तीन ठिकाणी नुसतीच शांतता. लोकांना वाटतं फोन बिघडला. आम्ही जोडून टाकलं."

हे मला ठाऊक नव्हतं. पण कात्री मीच त्यांच्या हाती दिली होती.

"पोरा, एकोणीसशे सोळा साली झारच्या फौजेपुढून झालेल्या पळापळीत माझ्या गुरूचे वडील ही घोडी घेऊन खिंड चढत होते. बर्फाने तिचा पाय गेलेला. वाटेत ती तीनदा थांबली. त्यांनी लगाम ओढला नव्हता, तीच थांबली. दर थांब्याला बर्फात एक पोरकं पोर बसलेलं. तिन्ही उचलली." त्यांनी तीन बोटं वर केली. "तिसरं पोर माझी आई. तुझी घोडी थांबलीच नाही. मग आईला उचललं कोणी? आणि हा समोर बसलाय तो कोण?"

"पण अक्साकाल, दोन लाख लोकांनी..."

"तीन पोरांना बर्फात टाकून दोन लाख लोक झोपी गेले. बरी झोप लागते रे!"

मी कागद घडी घालून उलानच्या खिशात ठेवला. "एकोणचाळिसांतली एकही मिळणार नाही. आणि ती पहिली काढून टाक."

"तिच्यावर तुमची सही आहे, एजे. तीन वर्षं निघणार नाही."

"मग राहू दे. आम्ही ती अख्खी विकू."

"कुणाला? आणि कशावर?"

बाहेर हॉर्न वाजला. उलानला न्यायला माझा भाचा सामात व्हॅन घेऊन आला होता. बिश्केकपर्यंत पाच तास तो पेन ड्राइव्हवरची गाणी लावतो.

"याच्यावर," मी म्हटलं. आतल्या खोलीत जाऊन पाच पेन ड्राइव्ह भरले. गोष्टीसकट, तारा लावण्यासकट, थांब्यांसकट.

सामातने डोकं खाजवलं. "एजे, प्रवाशांना नाचाची गाणी लागतात. ओरडतील."

"ओरडू देत. घाटात कोण उतरतंय!"

उलान निघाला. रागावला होता, तरी मी उंबऱ्यात नान पुढे केला. तोंडाला लावल्याशिवाय आमच्या घरातून कोणी जात नाही. त्याने तुकडा मोडला.

"धुनेतूनही तसं जाता येत नाही," अक्साकाल आतून म्हणाले. "थांबावं लागतं."

सूर्य मावळला, मी उपास सोडायला पाणी तोंडाला लावलं आणि सामातचा फोन आला.

"एक पेन ड्राइव्ह विकला गेला, एजे. मागच्या सीटवरच्या म्हातारीने घेतला. तिच्याकडे लावायला काही नाही, नातवाकडे लावेन म्हणाली."

"आणि ओरडले?"

"तर काय! मी आवाज वाढवला. घोडीच्या दुसऱ्या थांब्याला एक बाई म्हणाली, बिघडलं वाटतं तुझं यंत्र. तर तुमचा तो शहरी पोरगा तिला म्हणतो, गप्प बसा, अजून एक पोर उचलायचं राहिलंय."

मी ग्लास खाली ठेवला. "उद्या सकाळी ये," म्हटलं, "वीस देते."