नामाच्या आतला गडी

लोधिवलीच्या नामाचा जन्माचा कायदा एकच, राबेल त्यानं खावं. भातशेतीत त्यानं तो हट्टानं पाळला, आणि बांधावरून घसरून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा स्वतःलाही लावला. ऑपरेशन झालं, पण खाटेवर पडल्यापासून गडी चतकोर भाकरीवर भागवू लागला. "पडल्या जागी गिळू व्हय?" डॉक्टरांनी बजावलं, पोटात अन्न गेलं नाही तर जखम भरणार नाही, हाड जुळणार नाही. त्याची बायको सोनुबाई रडली, भांडली, शपथा घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

सून ऋतिका खालापूरला नोकरीला. तिच्या मनगटावर चालणं मोजणारं घड्याळ असे, आणि आज किती कॅलरी जाळल्या ते ती रोज घरभर ऐकवायची. रविवारी सासऱ्याच्या छातीचे ठोके बघावेत म्हणून तिनं त्याचं वय-वजन भरून ते त्याच्या हाताला बांधलं. संध्याकाळी बघते तर कॅलरीचा आकडा हजारावर!

"बिघडलं वाटतं," ती पुटपुटली. मोबाइलवर नीट उघडून पाहिलं, तर हालचालीपुढं जवळजवळ शून्य, सगळा आकडा विश्रांतीचा. मग तिनं आदल्या दिवशीचा स्वतःचा उघडला. त्यातही मोठा वाटा बसल्या-झोपल्याचाच! बाईसाहेबांचा तोरा तिथंच उतरला. पण दुसऱ्याच क्षणी तिला सासऱ्याची चतकोर भाकरी आठवली आणि ती खाटेपाशी धावली.

"बाबा, आज तुमी लई काम केलंय."

"थट्टा करतीस गं? मी कुशीवर बी वळलो नाय."

"तुमी नाय वळलात. पण काळीज चाललं, श्वास चालला, अंग ऊन राहिलं. हाड सांधायचं काम हाय ते येगळंच. ह्या समद्याला भाकर लागते."

नामानं तळहात छातीवर ठेवला. आत धडधड चालूच होती.

"झोपेत बी चालतं?"

"झोपेत बी. जन्मल्यापासनं."

नामा थक्क झाला. सत्तर पावसाळे आत कुणीतरी राबतंय, एक खाडा नाही, कधी कुरकुर नाही, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही! असलं नवल त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. लावणीला आलेला माणूस त्याच्या शेतावरून कधी उपाशी गेला नव्हता.

"अगं," त्यानं सोनुबाईला हाक मारली, "भाकर आण. अख्खी आण. मी माझ्याच गड्याला उपाशी मारीत होतो."